हरवलेल्या पाटीच्या कविता

आमच्या प्रेस शॉपमध्ये सगळ्यात बोलका माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर आम्ही सगळ्यांनी एकाच माणसाकडे, काकांकडे, बोट दाखवलं असतं. आणि त्याच माणसाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो कामाला लागून एक दिवाळी उलटल्यावर, कंपनीबाहेरच्या वडापावच्या गाडीवर. "मिरची जास्त द्या," एवढंच म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाटलं, मागे दुसरंच कुणी उभं आहे.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची कंपनी पत्र्याचे वॉशर काढते. पत्रा ठोकून कापणारे पॉवर प्रेस एकदा सुरू झाले की माणसाचं बोलणं तोंडातल्या तोंडात राहतं. मग बोलायचं हातांनी. पोटावरून हात फिरवला की सुपरवायझर आला. अंगठा ओठाला लावला की चहा. कानामागे बोट खाजवलं की अमुक माणूस थापा मारतोय. ही भाषा कुणी शिकवत नाही, पण मला शिकवली. पहिल्याच दिवशी काका माझ्या तपासणीच्या टेबलासमोर उभे राहिले आणि सावकाश, बारशाला आलेल्या बाईनं लेकराला खुळखुळा दाखवावा तशी, एकेक खूण करून दाखवली. शेवटी दोन्ही हात छातीवर ठेवून मान तिरकी केली. त्याचा अर्थ मला नंतर कळला. भिऊ नको.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, नवऱ्याच्या मागं इकडं आले. स्वभावानं भित्री. गॅस बंद केला का, दार ओढलं का, गावाकडून फोन आला तर कोण गेलं, असंच डोक्यात चालू असायचं. त्यात बोलण्याची लाज. मी "जायलेय" म्हटलं की शेजारणी तोंडाला पदर लावायच्या. शॉपमध्ये मात्र कुणाचीच भाषा गावठी नव्हती, कारण कुणाला ती ऐकूच येत नव्हती. ओल्या पत्र्याच्या आणि तेलाच्या वासात मी वॉशरच्या कडांवरून बोट फिरवत बसायची आणि मला वाटायचं, इथं बरंय.

काकांचं वेड सिनेमाचं. आता सिनेमाचं वेड आमच्याकडे सगळ्यांनाच. तीन नंबर प्रेसवरचा भैया दक्षिणेकडच्या एका हिरोसाठी नवी चप्पल तुटेस्तोवर रांगेत उभा राहिलेला. काकांचा पंथ वेगळा. ते मूकपटांचे भक्त. जुने, बिनआवाजाचे, मधे मधे पाट्या येतात ते. माणसं बोलताना दिसतात, मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात त्यांचं बोलणं येतं, मग पुन्हा माणसं. डबा खाताना त्यांचा मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवलेला असायचा. काका म्हणायचे, हा सिनेमा आपल्या शॉपसारखा आहे. सगळे बोलतायत आणि कुणी कुणाच्या बोलण्यात बोलत नाही.

त्यातही त्यांची हिरॉईन एकच. कुठल्याशा जुन्या सिनेमाचा एक तुकडा कुणीतरी नेटवर चढवलेला आहे. बाकी रीळ जळलं की सडलं, कुणास ठाऊक. त्या तुकड्यात एक बाई विहिरीवर पाणी भरते, घागर काठावर ठेवते, वळून आपल्याकडे बघते आणि काहीतरी बोलून हसते. बस. त्यानंतर यायची ती पाटी हरवलेली. आणि ओठांवरून ओळखावं तर नेमकी तिथंच फिल्म खराब झालेली, तिच्या तोंडावर एक पांढरा डाग फुलपाखरासारखा नाचत राहतो. सिनेमाचं नाव नाही, बाईचं नाव नाही. कदाचित ती हिरॉईन नसेलही, मागं उभी राहणारी कुणी असेल.

भैया चिडवायचा. "काका, आपकी हीरोइन का बड्डे कब है? केक काटेंगे."

काका सांगायचे, प्ले दाबलं की जन्मते, तुकडा संपला की जाते, रोज कुठून आणू केक.

आणि पहिल्या दिवशी पहिला खेळ बघितल्याची फुशारकी भैयानं मारली की म्हणायचे, हिचा पहिला खेळ बघितलेलं आता कुणी जिवंत नाही, म्हणजे रांगेत पहिला नंबर माझा.

त्यांच्या सगळ्या कविता त्या एका हरवलेल्या पाटीसाठी होत्या. ती काय म्हणाली असेल? दर सोमवारी नवीन. कविता लिहायचे खडूनं, प्रेसला लावायच्या पत्र्यावर. गठ्ठ्यातला वरचा पत्रा, त्यावर कविता. मग तो पत्रा स्वतःच आपल्या हातानं प्रेसमध्ये सरकवायचे. धाड, धाड, धाड. कवितेचे वॉशर होऊन माझ्या टेबलावर यायचे. एकावर 'ओठ', एकावर नुसती वेलांटी, एकावर पाण्यातलं 'पा'. तेलानं निम्मं पुसलेलं. मी कडा तपासायच्या सोडून अक्षरं जुळवत बसायची. सुपरवायझर एकदा वैतागून म्हणाला, "काका, पत्र्याला खडू लावू नका, पार्टी माल परत पाठवेल." काकांनी दोन्ही हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी खडूचा रंग बदलला.

पत्रा गेला तरी कविता त्यांच्या हातात असायची. चहाची वेळ झाली की एकेक प्रेस थांबत जायचा. सगळे थांबायच्या आत, तेवढ्या गोंगाटात काका मशीनसमोरच्या मोकळ्या जागेत येऊन कविता म्हणायचे. म्हणजे करायचे. हातांनी, भुवयांनी, ओठांनी, आवाज बिलकूल नाही. शेवटचा प्रेस बंद झाला की कविता संपली. उरली असेल तरी संपली. मला आठवतात त्यातल्या दोन-तीन, माझ्या शब्दांत.

विहीर म्हणाली, जरा वाक.
मी वाकले.
आता वर आलंय ते
पाणी आहे का मी?

आणि ही एक:

तुझ्या पाठीमागे
किती वर्षं ताटकळत उभी आहेत बघ.
त्यांना बस म्हण.

मी एकदा विचारलं, तुम्ही आवाजात का म्हणत नाही? तेव्हा आम्ही कंपनीबाहेर रिक्षाची वाट बघत होतो. म्हणाले, आवाज लावला की कवितेची बातमी होते.

तिचा फोटो छापलेला टीशर्ट करायला ते उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले, तेव्हा मुलासाठी जीन्स बघायला म्हणून मीही सोबत होते. दुकानदार शेठ मोठा हौशी. फोटो मशीनवर चढवला आणि विचारलं, "नीचे नाम क्या लिखूं?" काका म्हणाले, खाली पट्टी काढा, काळी, आणि आत काही लिहू नका. शेठ त्यांच्याकडे बघतच राहिला. "चाचा, खाली छोडूंगा तो लोग बोलेंगे मेरा मशीन बिगडा है." काकांनी त्याला मोबाईलवर तो तुकडा दाखवला. शेठनं दोनदा बघितला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी तिसऱ्यांदा बघितला, आणि म्हणाला की माझ्या मते ती भाव विचारतेय. काकांना हे इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर सगळ्या रस्त्याभर ते हातानं घागर उचलून भाव विचारत होते आणि रस्त्यावरची माणसं आमच्याकडे बघत होती.

तो टीशर्ट सोनिवलीच्या त्यांच्या गॅलरीत वाळत असायचा. बदलापूरला उतरून रिक्षानं जायचं, नव्या बिल्डिंगा झाल्यात तिकडे. काकू मला म्हणाल्या होत्या, "सवत मीच धुते, मीच वाळत घालते. असं नशीब कुणाचं असतं?"

काकूंचा राग टीशर्टावर नव्हता. राग वेगळाच होता. त्या स्वयंपाकघरातून काही विचारायच्या, पोळी उलटता उलटता, भांडी घासता घासता, पाठमोऱ्या. बाहेरून उत्तर नाही. पुन्हा विचारायच्या, उत्तर नाही. मग ताट घेऊन बाहेर यायच्या, समोर उभ्या राहून विचारायच्या, तेव्हा काका हसून बरोबर उत्तर द्यायचे. म्हणजे मनात असलं की ऐकू येतं, नसलं की नाही, असा काकूंचा हिशेब झालेला. इतकी वर्षं. "त्या बाईनं काय म्हटलं ते शोधत बसलेत जन्मभर," त्या म्हणाल्या, "आणि मी रोज म्हणते ते कुणी ऐकायचं?" काका पुढच्या महिन्यात रिटायर होणार होते. काकूंनी ठरवून टाकलं होतं की ते घरी बसले की आपण नाशिकला लेकीकडे जायचं, कायमचं. भांडण नाही, काही नाही. भिंतीशी बोलायला मी इथंच कशाला हवी, म्हणाल्या. लेकीनं खोलीही रिकामी करून ठेवली होती.

मी चहाचा कप हातात धरून बसले होते, तोंडाला लावला नव्हता. कारण काका उत्तर का देत नाहीत, ते मला माहीत होतं.

मला कळलं ते असं. गावाकडून आईचा व्हिडीओ कॉल यायचा डब्याच्या सुट्टीत. आमच्या गावात रेंज अशी की चित्र येतं, आवाज येत नाही. आई बोलतेय, बोलतेय, मला ऐकू येत नाही, आणि मी रडकुंडीला. एकदा काका माझ्या पाठीमागून स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "विचारतायत, नाकातली मोरणी कुठं गेली तुझ्या. विकली का?" मी नाकाला हात लावला. खरंच, सकाळी डबीत काढून ठेवलेली. आईला मी खुणेनंच डबी दाखवली, नाकात घातल्यासारखं केलं, तर ती तिकडे हसली. त्या दिवसापासून आमचा फोन असा व्हायला लागला. काका शेजारी बसून आईचे ओठ वाचायचे आणि मला सांगायचे, हरभरा बरा आलाय, वहिनी माहेरी गेलीय, तू वाळलीस. हळूहळू मलाही दिसायला लागलं. आता मी फोन आला की घाबरत नाही. आईचा चेहरा आधी बघते. हे देणं फिटायचं नाही.

मोरणीचं झालं त्याच आठवड्यात आम्ही रस्त्यानं चाललो होतो आणि मागून टेम्पो भोंगा वाजवत आला. काका रस्त्यातून हलेनात. मी दंडाला धरून ओढलं. टेम्पोवाला शिव्या देत गेला आणि काका मला विचारतात, काय झालं? मी टेम्पोकडे आणि मग त्यांच्या कानाकडे बोट केलं. मग तेच म्हणाले, कुणाला बोलू नकोस. दोन्ही कान प्रेसनं खाल्लेत. डॉक्टरच्या तपासणीत मान डोलावतो, चालून जातं. कळलं तर प्रेसवरून काढून गेटवर बसवतील.

घरी तरी सांगा, मी म्हटलं.

काकांनी नकाराची मान हलवली. मग म्हणाले, "सांगितलं तर ती ओरडून बोलायला लागेल. ओरडताना माणसाचा चेहरा दुसराच होतो. मला तिचा आहे तोच बघायचाय."

मी कबूल केलं की नाही सांगणार. आणि मग काकूंनी नाशिकचं सांगितलं, आणि मी दोघांच्या मधे, चहा गार होईपर्यंत.

त्यांच्या सोसायटीचा वर्धापनदिन आला. रहिवाशांचे कार्यक्रम, खाली हॉलमध्ये, संध्याकाळी. कुणाची लेक नाचणार, कुणी गाणार. सेक्रेटरींना वॉचमनकडून कळलं होतं की चौथ्या मजल्यावरचे काका कविता करतात. त्यांनी परस्पर नाव टाकलं. आमच्या शॉपमधून दहा-बारा जण आले, भैया इस्त्रीचा शर्ट घालून. काका आता कंपनीतून जाणार, म्हणून सगळ्यांनाच यायचं होतं. काकू म्हणाल्या, "बघते तरी काय दिवे लावतात." त्या बायकांच्या बाजूला मागच्या रांगेत बसल्या आणि मला शेजारी बसवलं.

काका स्टेजवर आले तो टीशर्ट घालून. वर कोट. नमस्कार केला आणि कविता सुरू केली, त्यांच्या पद्धतीनं. हात वर गेला, दोर ओढला, भुवई उचलली, ओठ हलले. लोकांना वाटलं माईक बंद आहे. मागून कुणी ओरडलं, आवाज येत नाही. साऊंडवाला पोरगा धावत आला, माईकवर टिचकी मारली, हॅलो हॅलो केलं. ठणठणीत चालू. काकांनी त्याला मान लववून जागा दिली आणि पुन्हा सुरू. पुन्हा आवाज नाही. मग त्यानं दुसरा माईक आणला. सेक्रेटरी खालून खुणा करतायत, काका, जवळ या, जवळ. काकांना वाटलं कौतुक करतायत, त्यांनीही हात केला. बायका हसायला लागल्या. काकू मान खाली घालून साडीची किनार दुमडत होत्या. "दर वेळी असंच," त्या म्हणाल्या, "दर वेळी चारचौघांत." आमच्या शॉपची रांग मात्र डाव्या बाजूला रंगून गेली होती. भैया मांडीवर थाप मारून नको तिथं दाद देतोय, असं लोकांना वाटत होतं. तो बरोबर जागीच देत होता.

साऊंडवाल्या पोरानं शेवटी काय केलं, आवाजाचा खटका पार वरपर्यंत सरकवला.

हॉलभर अशी काही किंकाळी उठली माईकची की लेकरं रडायला लागली. सगळ्यांनी कानांवर हात दाबले. सेक्रेटरींनी, बायकांनी, भैयानं, मी. काकूंनीसुद्धा. सगळा हॉल डोकी खाली घालून, कान दाबून.

स्टेजवर काका घागर भरत होते. त्या कर्कश आवाजाच्या मधोमध, अगदी सावकाश, तोंडावर हसू, बोटांमधून पाणी सोडत. त्यांची पापणीही हलली नाही.

पोरानं खटका खाली ओढला. किंकाळी थांबली. काकूंचे हात कानांवरच होते. त्या काकांकडे बघत होत्या. हात खाली घेतले आणि माझ्याकडे वळल्या.

"यांना ऐकू येत नाही?"

मला दिलेला शब्द आठवला. पण त्यांनी विचारलं नव्हतंच, त्यांना दिसलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"लई दिवस झाले, काकू."

त्यांनी साडीची दुमडलेली किनार घडी घडीनं उलगडली. आपण काय काय बोललो आणि कुणाकडे पाठ करून बोललो, ते एकेक आठवत असल्यासारखी. मग त्यांनी स्टेजकडे हनुवटी केली. "हे काय म्हणतायत आता?"

मी आठवी शिकलेली बाई. मला कविता सांगता येते का? पण काकू थांबल्या होत्या, म्हणून मी त्यांच्या कानाशी, काकांच्या हातांकडे बघत, जमेल तसं सांगितलं:

घागर भरत आली
की बुडबुडे मोठे होतात.
तो आवाज मला दिसतो.
तू मागून हाक मारू नकोस,
पुढं ये, मला दिसशील.

काकू उठल्या. साडी सावरली आणि मधल्या वाटेनं सरळ पुढे चालत गेल्या. हॉल पुन्हा कुजबुजायला लागला. लोकांना वाटलं, आता नवऱ्याला ओढून खाली आणणार. मलाही तसंच वाटलं. पहिल्या रांगेत सेक्रेटरींच्या मिसेस बसल्या होत्या. काकूंनी त्यांच्या खांद्याला हात लावला, त्या सरकल्या, आणि काकू बरोबर मधल्या खुर्चीवर बसल्या. काकांनी त्यांना बघितलं. त्यांचा हात हवेत राहिला, अर्धी घागर धरलेला. चोरी सापडावी तसा चेहरा. काकूंनी बोट गोल फिरवलं. ही आमच्या शॉपची खूण नव्हती, त्यांना आमच्या खुणा कुठल्या माहीत? कुठल्याही बाईनं कुठल्याही माणसाला करावी तशी साधी खूण होती. पहिल्यापासून.

काकांनी कोट काढून ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोर, विहीर, वाकणं, पाणी. साऊंडवाला पोरगा माईक उचलून बाजूला झाला आणि तिथंच पायरीवर बसून बघायला लागला. या वेळी कुणी हसलं नाही. कळलं कुणाला असेल, नसेल. काकूंना नाही कळलं, हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं. म्हणाल्या, शब्द एक कळला नाही, पण माणूस बोलका आहे की.

कार्यक्रम संपला तसे आम्ही सगळे लिफ्टपाशी आलो. काका उभे होते, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे. काकूंनी त्यांना दंडाला धरून ट्यूबलाईटखाली आणलं, स्वतः त्यांच्यासमोर उजेडात उभ्या राहिल्या. पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता ओरडणार. काकांनाही वाटलं असावं.

त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "जेवायला काय करू?"

काकांनी विचारलं, "काय आहे?"

"वांगी आहेत."

"मग वांगीच कर."

"भरली का नुसती?"

काका विचारात पडले. मग म्हणाले, भरली. काकू म्हणाल्या, भरली करायची तर शेंगदाणे नाहीत घरात. काका म्हणाले, आणतो. काकू म्हणाल्या, मागच्या वेळी खवट आणलेत. काका म्हणाले, ते तू सांगितलंच नाहीस. काकू उजेडात अजून एक पाऊल पुढं आल्या आणि म्हणाल्या, सांगितलं होतं, आता पुन्हा सांगते. लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आम्ही शॉपची माणसं बाजूला उभी. वांग्यांवर इतका वेळ बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.